डाउनवेल: बुटातून गोळ्या झाडत विहिरीत उतरायचा गेम. का सुटत नाही आणि कुठे कमी पडतो

भुईनळा

इथे गेम्सवर धागा निघाला की तो बहुधा शंभर तासांच्या आणि शंभर जीबीच्या गेमवर असतो. मी ज्याच्यावर लिहितोय त्याचा एक डाव अर्ध्या तासाच्या आत आटोपतो, तोही जिंकलात तर. हरलात तर दोन मिनिटांत. आणि सुरुवातीला हरताच.

नाव डाउनवेल. ऑक्टोबर २०१५मध्ये आयफोन आणि विंडोजवर आला, २०१६मध्ये अँड्रॉइड आणि प्लेस्टेशनवर, २०१९मध्ये निन्टेन्डोच्या स्विचवर. आला तेव्हाची किंमत २.९९ डॉलर. बनवणारा ओजिरो फुमोटो, तोक्योच्या कला विद्यापीठात ऑपेरा गायन शिकत होता, ते सोडून गेम करायला लागला. प्रकाशक डिव्हॉल्व्हर डिजिटल.

कथा एका ओळीत संपते. रात्र, बाग, बागेत विहीर, एक पोरगा चालत येतो आणि आत उडी टाकतो. मुटका नाही, सूर नाही, सरळ पाय खाली. कारण बंदुका पायात आहेत. बूट हीच बंदूक. खाली वटवाघळं, कासवं, गोगलगायी, पुढे भुतं आणि पाण्यातले प्राणी. गुहा, मग भुयारी थडगी, मग पाणी, मग अधांतर असे चार प्रदेश, प्रत्येकात तीन टप्पे, आणि तळाशी एक बॉस, म्हणजे शेवटचा दांडगा शत्रू. विहीर दर खेपेला नव्याने रचली जाते. मेलात की पहिल्यापासून.

बटणं तीन. डावीकडे, उजवीकडे, आणि तिसरं जे सगळं करतं. जमिनीवर दाबलं तर उडी, हवेत दाबलं तर खाली गोळी. आता यातली गंमत नीट बघा. गोळीच्या धक्क्याने पडण्याचा वेग कमी होतो, म्हणजे बंदूक हाच ब्रेक. गोळीने वाटेतले ठोकळे फुटतात, म्हणजे बंदूक हीच पहार. सुरुवातीला एका दमात आठच गोळ्या, आणि त्या भरायला वेगळं बटण नाही. जमिनीला पाय लागले की भरतात, किंवा शत्रूच्या डोक्यावर पाय दिला की भरतात. म्हणजे तुम्ही घाबरून गोळ्या उडवल्यात तर ब्रेकही संपला, आणि तुम्ही दगडासारखे खाली चाललात, नेमकं त्या वेळी खाली काय आहे ते दिसत नाही.

त्यात लाल शत्रूंवर पाय द्यायचा नाही, त्यांना गोळीच घालायची. उलट कासवावर गोळी चालत नाही, त्यावर पायच द्यावा लागतो. पडता पडता, अर्ध्या सेकंदात, हे ओळखायचं.

आणि आता ज्यासाठी मी हा गेम वर्षानुवर्षं फोनमध्ये ठेवलाय ती गोष्ट: कॉम्बो. जमिनीला पाय न लावता सलग आठ शत्रू मारलेत तर शंभर हिरे. पंधरा मारलेत तर गोळ्यांची क्षमता एकने वाढते. पंचवीस मारलेत तर जीवही एकने वाढतो. पाय टेकले की मोजणी शून्य. जमीन हीच या गेममधली जवळजवळ एकमेव निवांत जागा. तिथे थांबा, श्वास घ्या, गोळ्या भरा, खाली बघा, मग उतरा. असं खेळून तुम्ही दुसऱ्या प्रदेशात नक्की पोचाल, आणि तिथे दुबळे असल्यामुळे मराल. ताकद हवी असेल तर जमीन टाळायची. सुरक्षितपणा आणि लोभ एकाच फळीवर समोरासमोर उभे केलेत, आणि हे सगळं कुठलाही पडदाभर मजकूर न दाखवता.

टप्पा संपला की तीन अपग्रेडमधून, म्हणजे त्या डावापुरत्या वाढीव ताकदींमधून, एक निवडायचा. सोबत गोळ्या मारणारा ड्रोन, मेलेल्या शत्रूंना खाऊन जीव भरणारा सुरी-काटा, हिरे गोळा करताना गोळ्या भरून देणारा, रिकाम्या काडतुसांनी शत्रू भाजणारा. मध्ये मध्ये भिंतीत खोल्या लागतात, तिथे काळ थांबलेला असतो. कुठे दुकान, कुठे नवी बंदूक.

आता कुरकुर. थोडी नाही, बरीच आहे.

पहिली: डाव संपल्यावर जमवलेले हिरे एका पट्टीत जातात आणि त्यातून नव्या गोष्टी उघडतात. त्यातल्या बहुतेक म्हणजे रंगसंगती. काळा-पांढरा-लाल याऐवजी काळा-हिरवा अमुक. खेळण्याच्या मोजक्या शैली उघडतात, त्या कामाच्या आहेत, पण त्या लवकर संपतात. मग पट्टी भरत राहते आणि मिळतो जांभळा रंग.

दुसरी: अपग्रेड फार असमान आहेत. दुकानात सवलत देणारं कार्ड घ्यावं आणि पुढे दुकानच लागू नये, हे नेहमीचं. सराव झाला की तीनपैकी कुठला घ्यायचा हे वाचायच्या आधीच ठरलेलं असतं. निवड उरते ती नावापुरती.

तिसरी: पाण्याचा प्रदेश. तिथे श्वास सांभाळायचा, बुडबुडे शोधायचे. खाली पडण्याच्या वेगावर उभा असलेला गेम, आणि तिसऱ्या प्रदेशात त्याच वेगाला पाय बांधून पोहायला लावलंय.

चौथी: एकदा जिंकलात की उरतं ते हार्ड मोड. बस्स.

माझं मत असं की हा गेम जितका आहे तितकाच असायला हवा होता का, की दहा टक्के जास्त हवा होता, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुमचं काय?

डबल बॅरल

पहिला! आणि लगेच विरोध.

भुईनळा, तू ज्याला कुरकुर म्हणतोस ती मला मूळ दुखणी वाटतात. रोगलाइक, म्हणजे दर डावाला नवी रचना आणि मेलात की पहिल्यापासून, अशा नेमबाजीत मजा कशाची? प्रत्येक डाव वेगळा होण्याची. न्यूक्लिअर थ्रोन घे, व्लाम्बीर स्टुडिओचा, डिसेंबर २०१५चा, म्हणजे याच्याच वर्षाचा. बारा पात्रं, आणि प्रत्येक पात्र खेळायची पद्धतच बदलून टाकतं. मेल्टिंग घेतलास तर जेमतेम जीव, पण प्रेतं बॉम्बसारखी उडवता येतात. रोबोट बंदुका खातो. स्टेरॉइड्स दोन्ही हातांत दोन बंदुका धरतो. वर म्युटेशन्स, म्हणजे वाटेत निवडायच्या नव्या ताकदी. त्याचाही यशस्वी डाव लहानच असतो, म्हणजे 'छोटा आहे म्हणून कमी आहे' ही सबब चालत नाही.

डाउनवेलमध्ये माझे सगळे डाव आठवायला गेलो तर एकच डाव आठवतो.

भुईनळा

@डबल बॅरल, थ्रोन मलाही आवडतो, पण तिथे माझे निम्मे मृत्यू मला कळलेच नाहीत. पडद्याबाहेरून गोळी आली, कुठला तरी डबा फुटला, संपलो. वर स्वतःच्याच स्फोटकांनी मेलो ते वेगळे. डाउनवेलमध्ये मेलो की कशाने मेलो हे दर वेळी माहीत असतं: लोभाने.

पिक्सेलपंत

दोघांनाही एक मजेशीर धागा जोडून देतो. व्लाम्बीरच्या रामी इस्माइलने एक लेख लिहिला होता, दर आठवड्याला एक गेम पूर्ण करा, चांगला-वाईट बघू नका, पूर्ण करा आणि पुढे चला. फुमोटोने तो वाचून तसंच सुरू केलं आणि त्या साप्ताहिक गेम्सच्या रांगेतून डाउनवेल निघाला. त्याची छोटी हलती चित्रं तो ट्विटरवर टाकायचा, त्यातून प्रकाशकाच्या नजरेत आला. शिवाय दोन्ही गेम्सचा आवाज एकाच माणसाचा, योनास टर्नर. दोन्ही गेममेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेले. तेव्हा डबल बॅरल, तुम्ही ज्याच्याशी भांडताय तो तुमच्या घरचाच पोरगा आहे.

(मी स्वतः गेम बनवत नाही, पण नोकरीत स्क्रीनवरच्या हालचालींचंच काम करतो, म्हणून हे सगळं खोदून वाचलंय.)

आणखी एक. सुरुवातीला यात गोळीबार नव्हताच. फक्त खाली उड्या मारत जायचा गेम होता. गंमत येईना म्हणून पायातून गोळी आली, आणि तिच्या मागोमाग ब्रेक, ठोकळे फोडणं, हवेत तरंगणं हे सगळं. मारिओवाल्या मियामोतोंचं एक मत गेम करणाऱ्यांमध्ये फार फिरतं, की चांगली कल्पना ती जी एका फटक्यात अनेक अडचणी सोडवते. डाउनवेल हे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून दाखवतात, आणि ते खरं आहे.

पण भुईनळांनी लिहिलं नाही ते मी लिहितो. बोटांना काय जाणवतं ते. शत्रूवर पाय पडला की क्षणभर सगळं गोठतं. इतकं कमी की डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठ्याला कळतं. गोळीगणिक पडदा हलतो. गोळ्या पात्राच्या मानाने चांगल्या जाड आहेत, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी लागते. थोड्या वेळात भरपूर हिरे गोळा केले की गोळ्या आणखी दांडग्या होतात. तीन रंग, मूठभर पिक्सेल, आणि तरी लाथ घातल्याचं समाधान मिळतं. हे काम किती अवघड आहे हे कुणी स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही.

सौ. जॉयस्टिक

फोनवर खेळणाऱ्यांच्या वतीने तक्रार नोंदवते.

गेम उभ्या पडद्याचा आहे. उभा पडदा म्हटल्यावर बाईमाणसाची साधी अपेक्षा: एका हातात फोन, दुसऱ्या हाताने लोकलचा दांडा. पण डावं-उजवं एका अंगठ्याने आणि गोळी दुसऱ्या अंगठ्याने, म्हणजे दोन्ही हात गुंतले. ठाण्याच्या पुढे बसायला मिळालं तरच डाउनवेल. उभ्याने खेळायला गेलात तर विहिरीत तुमचा पोरगा नाही, तुम्ही पडाल.

दुसरं, काचेवर अंगठा सरकतो. डावीकडून उजवीकडे जाताना अंगठा मधल्या मोकळ्या जागेत राहतो आणि पात्र तिथेच उभं. पहिल्या प्रदेशात चालून जातं. अधांतरात, जिथे टेकायला जागाच विरळ, तिथे एक चुकलेला स्पर्श म्हणजे डाव गेला. मग मी भावाच्या स्विचवर तोच गेम खेळले. खरी बटणं! मी एकदम हुशार झाले! तेव्हा भुईनळा म्हणतो की मेलो ते लोभाने, ते कंट्रोलरवर खरं. फोनवर निम्मं श्रेय काचेला द्या.

तरी फोनमधून काढला नाही, हेही सांगते. दादर ते ठाणे एवढ्यात किती गेम पूर्ण अनुभव देतात?

रिकामी काडेपेटी

शीर्षक वाचून वाटलं की कुणीतरी विहिरीचा गाळ काढण्याच्या सरकारी योजनेवर धागा काढलाय. बुटातून गोळ्या हा भाग ग्रामसभेत खपला असता.

(वाचतोय. चालू द्या.)

कोकणी कासव

मी गेम खेळत नाही, नातू खेळतो, पण धागा पूर्ण वाचला. प्रामाणिक प्रश्न: मेल्यावर सगळं जातं आणि परत पहिल्यापासून. मग माणूस पुन्हा का खेळतो? आमच्या नातवाच्या गेममध्ये निदान तलवार तरी शिल्लक राहते.

भुईनळा

काका, फार चांगला प्रश्न.

बऱ्याच नव्या गेम्समध्ये तुमच्या नातवासारखंच असतं, मेलात तरी काहीतरी शिल्लक राहून पुढच्या वेळी पात्र तगडं होतं. २०२०चा हेडीस तसा आहे, तिथे मरण्यातूनच कथा पुढे सरकते. डाउनवेलमध्ये पात्र तसंच राहतं, चार जीव आणि आठ गोळ्या.

बदलतं ते वेगळंच. सुरुवातीला मी बटण दाबून धरायचो, आठही गोळ्या भसाभस जायच्या. मग कळलं की टिचकी मारली तर एकच सुटते आणि तेवढ्याने वेग पुरेसा मंदावतो. मग कळलं की कठड्यावरून उडी मारायची गरज नसते, चालत खाली उतरलं की नेम चांगला राहतो. मग कळलं की शत्रू दिसला की मारायचा नाही, त्याला पायरी म्हणून राखून ठेवायचा, कारण गोळ्या संपल्यावर त्याच्याच डोक्यावर पाय देऊन भरायच्या आहेत. यातलं काहीही गेम सांगत नाही. आणि दोन मिनिटांचाच डाव गेला म्हणून जीवाला लागतही नाही. दोन तासांचा गेला असता तर मीही खेळलो नसतो.

डबल बॅरल

@पिक्सेलपंत, घरचा पोरगा वगैरे मान्य. इस्माइलच्या लेखाचं माहीत नव्हतं, हे भारी आहे.

पण माझा मुद्दा उरतोच. बंदुकांचं बघ. मशीनगन, तीन तोंडी, शॉटगन, लेझर, बर्स्ट वगैरे. नवी बंदूक घेतली की तिच्यासोबत जीव मिळतो किंवा गोळ्यांची क्षमता वाढते. मग होतं काय, माझ्याकडे आवडती बंदूक आहे, समोर शॉटगन आहे जी एका बारात भरपूर गोळ्या खाते, पण तिच्यासोबत जीव आहे आणि माझा एकच उरलाय. मी शॉटगन घेतो. बंदूक निवडायचा प्रश्नच आला नाही, मी औषध घेतलं आणि बाटली म्हणून शॉटगन मिळाली.

पिक्सेलपंत

बाटली मस्त. पण मला तीच या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. जर जीव वेगळा आणि बंदूक वेगळी ठेवली असती तर तू जन्मभर एकाच बंदुकीने खेळला असतास, आणि मग इथे येऊन 'सगळे डाव एकसारखे' म्हणून लिहिलं असतंस. तेच लिहिलंयस खरं तर. :)

गेम तुला तुझ्या आवडत्या बंदुकीपासून लाच देऊन दूर नेतो. लाच घेतलीस की पुढची दोन मिनिटं नव्या तालावर उतरावं लागतं, कारण प्रत्येक बंदुकीचा ब्रेक वेगळा लागतो. लेझरचा एक बार आणि मशीनगनच्या टिचक्या यांत पडण्याची चालच वेगळी.

डबल बॅरल

लाच घ्यायला मी तयार आहे. पण पाच-सात प्रकारांची लाच किती वेळा घेणार? मला आणखी वीस बंदुका द्या, मग मी आनंदाने भ्रष्ट होतो.

चाळीस टक्के बॅटरी

रंगांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला लाल आणि काही गडद रंगांत फरक पटकन कळत नाही, जन्मापासूनच. या गेमची सुरुवातीची रंगसंगती काळी-पांढरी-लाल. आणि नियम काय, तर लाल शत्रूवर पाय द्यायचा नाही. काळ्या पार्श्वभूमीवर लाल कड माझ्यासाठी जवळजवळ बुडते. पडताना अर्ध्या सेकंदात तर सोडाच.

भुईनळाने 'मिळतो जांभळा रंग' म्हणून रंगसंगत्यांची टिंगल केली. माझ्यासाठी त्यातल्या काहींनी गेमच बदलला. तिसरा रंग उठून दिसणारी एक सापडली आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यापर्यंत पोचलो. पण ती मिळवायला आधी हिरे जमवावे लागले, आणि हिरे जमवायला मला नीट न दिसणाऱ्या रंगात खेळावं लागलं. चष्मा बक्षीस म्हणून ठेवलाय आणि शर्यत बिनचष्म्याची.

ही खरी त्रुटी आहे. सगळ्या रंगसंगत्या पहिल्या दिवसापासून खुल्या ठेवल्या असत्या तर कुणाचं काही गेलं नसतं, कारण खेळाच्या ताकदीत त्यांनी काहीच फरक पडत नाही.

भुईनळा

@चाळीस टक्के, हा मुद्दा माझ्या चारही कुरकुरींपेक्षा वजनदार आहे. म्हणजे बक्षिसं नुसती पोकळ नाहीत, ज्याला लागतात त्याच्यापासून अडवून ठेवलेली आहेत. मग बक्षीस म्हणून काय द्यायचं हा प्रश्न येतो, आणि तिथे आणखी दोन-तीन शैली हव्या होत्या असं माझं मत. बोल्डर शैली बघा: जीव जास्त, पण अपग्रेड तीनऐवजी दोनांतून निवडायचा. एवढा छोटा बदल, आणि अख्खा डाव सावध माणसाचा होतो. अशा आणखी चालल्या असत्या.

सौ. जॉयस्टिक

बोल्डर शैलीत तो पोरगा गुंडाळी होऊन गडगडत जातो ते बघायलाच मी ती निवडते. खेळाचं गणित नंतर.

निवांत नगरपालिका

उशिरा आलो. मी शिकागोत असतो आणि माझा या गेमशी संबंध संगीतामुळे आला. संगीतकार आइरिक सुर्के, गुहांत उतरत जायच्या स्पेलंकी या गेमचंही संगीत त्याचंच. फुमोटोला मुळात फोनवर स्पेलंकीसारखं काहीतरी करायचं होतं, त्यामुळे हा योग जुळूनच आलेला. जुन्या यंत्रांसारखा किरकिरा आवाज आहे, पण ठेका घट्ट.

स्पेलंकीचं नाव निघालंय तर तुलना करू. डेरेक यूचा स्पेलंकी २००८मध्ये फुकट आला, मग २०१२मध्ये नव्या रूपात. त्यात दोन गोष्टी होत्या ज्या डाउनवेलने घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. एक, पुढच्या प्रदेशापर्यंतचे चोरवाटेचे बोगदे. पाण्याचा सराव करायचा म्हटलं तर डाउनवेलमध्ये दर वेळी गुहा आणि थडगी पार करूनच जावं लागतं. दुसरी, रोजचं आव्हान: त्या दिवशी जगातल्या सगळ्यांना एकच रचना, एकच संधी. डाउनवेलला हे अगदी शोभलं असतं. सकाळी चहासोबत एक विहीर, आणि मित्रांमध्ये दिवसभर 'तू कुठे मेलास'. गेम लहान असला तरी रोज परत यायला कारण मिळालं असतं.

पाण्याच्या प्रदेशावर मात्र भुईनळाशी असहमत. दोन प्रदेश नुसतं कोसळल्यावर तिथे श्वास मोजत उतरावं लागतं, त्याने माझी सवय मोडते. मला ते हवंच असतं. कंटाळवाणा वाटतो तो दुसरा प्रदेश.

भुईनळा

बोगद्यांना माझा विरोध. पहिले दोन प्रदेश मिळून काही मिनिटांचे, आणि पुढे लागणारी ताकद तिथेच कमवायची असते. थेट पाण्यात सोडलं तर चार जीव घेऊन काय करणार? स्पेलंकीतही चोरवाटेने गेलेला माणूस खिसे रिकामेच घेऊन पोचतो.

रोजच्या आव्हानाला मात्र दोन्ही हात वर.

रिकामी काडेपेटी

कुणीतरी व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सचं नाव अजून घेतलं नाही हे बघून मंडळ आश्चर्यचकित आहे. २०२२मध्ये पूर्ण आवृत्ती आली, पुढच्या वर्षी बाफ्ता या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेमचा मान पण मिळवला. तोही स्वस्त, तोही छोटा, तोही मेलात की पहिल्यापासून. वर तिथे गोळ्या आपोआप सुटतात, माझ्यासारख्या आळशाला नुसतं चालायचं. अर्धा तास, हजारो राक्षस, शेवटी पडद्यावर दिवाळी.

डबल बॅरल

आणि तिथे मेलास तरी सोनं उरतं, त्यातून पुढच्या डावासाठी ताकद विकत घेता येते. काकांच्या नातवाची तलवार.

पिक्सेलपंत

व्हॅम्पायरमध्ये पहिली दहा मिनिटं कठीण आणि शेवटची दहा मिनिटं बघ्याची. डाउनवेलमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत अंगठा ओला असतो. मला दोन्ही लागतात, वेगवेगळ्या दिवशी. पण एक नोंद घ्या, व्हॅम्पायर पुढे अनेक वर्षं वाढत राहिला, नवी पात्रं, नवे नकाशे. डाउनवेल होता तसाच राहिला. फुमोटो पुढच्या कामाला लागला. २०२२मध्ये नेटफ्लिक्ससाठी पॉइन्पी केला, त्यात खाली पडण्याऐवजी वर उड्या मारत जायचं. मग २०२४च्या यूएफओ ५०मध्ये, ज्यात एका खोक्यात पन्नास छोटे गेम आहेत, तो बनवणाऱ्यांपैकी एक होता, डेरेक यूसोबत. ज्या माणसाने आठवड्याला एक गेम करत सुरुवात केली त्याने एकाच गेमला दहा वर्षं ठिगळं लावत बसावं ही अपेक्षाच चुकीची वाटते मला.

डबल बॅरल

बनवणाऱ्याची बाजू समजली. मी खेळणाऱ्याची मांडतोय. तीन डॉलरमध्ये मला जे मिळालं त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की इतकी घट्ट यंत्रणा जमून आल्यावर तिच्यात टाकायला माल कमी पडलाय. तुम्ही सगळे घट्टपणाची तारीफ करताय. मला कोठार रिकामं दिसतंय.

चाळीस टक्के बॅटरी

कोठार भरलं की घट्टपणा राहील का, हेच तर. अपग्रेड वाढवले की त्यातले निरुपयोगीही वाढतात. सवलतीचं कार्ड आत्ताच एक आहे, मग दहा असतील. आधी आहेत ते नीट करा, असं माझं म्हणणं.

निवांत नगरपालिका

संगणकावर खेळणाऱ्यांना एक सूचना. तिथे गेम मधल्या उभ्या पट्टीत दिसतो आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा, त्यामुळे मोठ्या पडद्यावर उगाच हरवल्यासारखा वाटतो. लहान खिडकीत खेळा. आणि हार्ड मोडला 'बस्स' म्हणून निकालात काढू नका, तिथे शत्रूंची गर्दी अशी की कॉम्बो लांबवणं उलट सोपं जातं, जोवर जिवंत आहात तोवर.

सौ. जॉयस्टिक

'जोवर जिवंत आहात तोवर' हे हार्ड मोडबद्दल कुणीही म्हणू शकतं हो.

कोकणी कासव

नातवाकडून फोनवर टाकून घेतला. विहिरीत उडी मारली, इथवर जमलं. पहिल्याच मिनिटाला एक कासव आलं, त्याच्यावर सगळ्या गोळ्या झाडल्या, ते ढिम्म. त्याने मला मारलं. हे मी वैयक्तिक घेतोय.

भुईनळा

काका, कासवावर गोळी वाया. सरळ वरून पाय द्या, गोळ्याही भरतील.

कोकणी कासव

नाव बदलून घेतो आधी. मग पाय देतो.